डाव्या पायाची सुट्टी

प्रिय बाळा,

फोनवर तू विचारतोस, "बाबा, बरे आहात ना?" आणि मी "हो" म्हणून फोन सूनबाईच्या हातात देतो. आज मात्र सविस्तर लिहायला बसलोय. विषय तुझी बायको.

पक्षाघातानंतर माझा डावा पाय नुसता सोबतीला उरला. क्लच दाबला जाईना, जीप शेडमध्ये धूळ खात पडली. आपण दोघांनी मिळून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं, त्याचा केवढा तोरा होता मला! तू म्हणालास, विकून टाका. मीही मनातून तयार झालो होतो. आणि एक दिवस सूनबाई तिच्या वर्कशॉपमधून आली ती टेम्पोत भंगारातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घालूनच. म्हणाली, "बाबा, क्लचच काढून टाकू. पायाला कशाला त्रास?"

मला हसूच आलं. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, एकाचं भोक दुसऱ्याला जुळेना. तिनं मधे बसवायच्या प्लेटचा नमुना आधी पुठ्ठ्यावर आखला, मग प्लायवूडचा करून लावून पाहिला, आणि मगच ॲल्युमिनियमला हात घातला. मी खुर्चीत बसून फुकटचे सल्ले देत होतो. गिअरबॉक्स इंजिनाला भिडला, पण बोटभर फट राहिली. मी म्हटलं, "आवळ बोल्ट, बसेल." ती म्हणाली, "ओढून बसवला तर आतला पंप फुटेल, बाबा. आपसूक बसायला हवा." आणि सगळं पुन्हा खाली उतरवलं! क्लचच्या जागी आता तेलानं जोर पुढं पोचवणारं एक गरगरीत भांडं असतं, कन्व्हर्टर म्हणतात त्याला. तेच पूर्ण आत गेलं नव्हतं. हातानं हळूहळू फिरवत, कान लावून, तिनं ते 'खट्' करून बसवलं. आयुष्यभर गाड्या उघडल्या मी, पण एवढा धीर काही मला जमला नव्हता.

पुढं चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टची लांबी बदलली. पहिल्याच चढाला तेल तापलं, तेव्हा पुढच्या जाळीमागं तेलाचा कूलर बसवला. तिची कुरकूर म्हणून नाही.

रविवारी आम्ही टेकडीच्या दगडी वाटेवर गेलो. मला वाटलं, ती शेजारी बसेल. पण चढाच्या तोंडाशीच तिनं खाली उतरून दार लावलं. "जा, बाबा. मी इथंच उभी आहे." अर्ध्या चढावर मुद्दाम थांबलो, पुन्हा गाडी उचलली, तसूभर मागं सरकली नाही. माथ्यावर इंजिन बंद करून मी पोटभर रडलो, हे तिला सांगू नकोस. खाली आल्यावर तिनं विचारलं, "एवढा वेळ?" म्हटलं, "वारा खात होतो."

आता खरं कारण. तिकडं तुझ्याच कारखान्यात तिला नोकरी मिळतेय आणि ती नाही म्हणतेय, हे पलीकडच्या खोलीतून माझ्या कानावर आलंय. "बाबांना टाकून कशी येऊ?" असं तुला फोनवर म्हणत होती. माझ्या एका पायापायी तुमचा संसार दोन ठिकाणी झाला. दवाखाना, बाजार आता मी एकटा करतो. मी बोललो तर ती विषय बदलेल, म्हणून तू ये. तिचं सामान जीपमध्ये भरू. तुम्हा दोघांना पोचवायला मीच गाडी चालवत येईन.

तुझाच, आणि आता तिचाही,
बाबा