सातवा खटला

३ मार्च, सोमवार

नव्या चष्म्याविरुद्धची माझी तक्रार आज पूर्ण विचारांती इथे नोंदवून ठेवतो. या चष्म्यातून जिन्याची प्रत्येक पायरी दोन बोटं वर दिसते. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीचा जिना मी बगळ्यासारखा पाय उचलून चढलो. शिपाई म्हणाला, "शास्त्रीबुवा, पाणी साचलंय का हो?" बावीस पायऱ्या, बावीस अपमान!

घरी हिला सांगितलं. सहानुभूती शून्य. म्हणे, "पहिला चष्मा लागायच्या आधी स्टेशनवर माझी मावशी समजून कुणा परक्या बाईची बॅग उचलून चालू लागला होतात. तिनं 'चोर, चोर' करून स्टेशन डोक्यावर घेतलं. त्यापेक्षा बगळा बरा."

असल्या गोष्टी या बाईला तारखेनिशी आठवतात. मी जेवणात लक्ष घातलं.

४ मार्च, मंगळवार

आमच्या गावच्या कोर्टात न्यायाधीशाची एक जागा रिकामी आहे. तीन वकिलांचे अर्ज आलेत. निवड समितीची रीत अशी, की अर्जदारांची व्यावसायिक पार्श्वभूमी वर्तमानपत्रात छापायची आणि लोकांनी पंधरा दिवसांत हरकती घ्यायच्या. संपादकांनी तिन्ही अर्ज माझ्या टेबलावर टाकले. "प्रत्येकी तीनशे शब्द. कुणाला एक जास्त नाही, एक कमी नाही." हे लिहिण्याचं काम नव्हे, हे वजनकाट्याचं काम.

पहिला अर्ज सरकारी वकिलांचा. एकोणीस वर्षं फिर्यादीच्या बाजूने. 'महत्त्वाचे दहा खटले' या रकान्यात दहाही जिंकलेले.

दुसरा विमा कंपन्यांच्या वकिलाचा. दहाही तडजोडी. गृहस्थ अकरा वर्षांत कोर्टात उभे राहिलेले नाहीत आणि समोरच्यालाही त्यांनी कधी तिथवर पोचू दिलेलं नाही.

तिसरा वकीलबाईंचा. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं कोर्ट या बाईंच्या गळ्यात घालतं. बावीस वर्षं हेच. आणि बाईंचे दहा खटले — दहाही हरलेले! खाली हाताने लिहिलंय, "जिंकलेल्यांची यादी मागाल तर वेगळी देते. महत्त्वाचे हे."

खुर्चीत सरळ होऊन बसलो.

६ मार्च

संपादक म्हणतात, "बाईंचे दहा काढून टाका. 'प्रदीर्घ अनुभव' लिहा. त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय."

"आणि सरकारी वकिलांचे दहा?"

"ते राहू द्या. ते जिंकलेत."

"म्हणजे जिंकलं की पार्श्वभूमी आणि हरलं की अळीमिळी गुपचिळी?"

"शास्त्रीबुवा, तुम्ही वाद घालू नका."

घालणार! वादे वादे तत्त्व सापडतं म्हणतात. मला तेवढं नको, दहा ओळी वाचल्या तरी पुरे.

दुपारी सरकारी वकिलांचा फोन. आवाजात लोणी. "बाईंचं ते जरा सौम्य करा बरं का. लोकांचा कोर्टावरचा विश्वास उडतो. तुमची-आमची जुनी ओळख म्हणून बोलतोय. तुमच्यासारखा साक्षीदार मला पुन्हा मिळाला नाही!"

मी म्हणालो, जुनी ओळख आहे म्हणूनच सौम्य 'नाही' म्हणतोय. फोन ठेवल्यावर स्वतःवरच खूश झालो.

७ मार्च

अजून लढतोय. पायऱ्या अजून वरच आहेत.

९ मार्च, रविवार

घरी बसून तिन्ही अर्जांतले खटल्यांचे क्रमांक ताडून पाहिले. सरकारी वकिलांचा दुसरा आणि वकीलबाईंचा सातवा — एकच खटला!

आणि तो माझा.

नऊ वर्षं झाली. नोव्हेंबरातली संध्याकाळ. कचेरीसमोर, रस्त्यापलीकडे घड्याळजीचं दुकान होतं. कुणीतरी त्याला मारून घड्याळं लांबवली. त्याचा उजवा हात त्यानंतर कधी सरळ झाला नाही, धंदा गेला. मी आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा होतो. पळणारा माणूस पाहिला. पोलिसांनी एक रंगारी धरला — त्याच दुकानाला आठवड्यापूर्वी रंग देऊन गेलेला. पुढच्या जूनमध्ये सरकारी वकिलांनी मला साक्षीला उभं केलं. मी बोट दाखवलं. वर म्हणालो, "आमच्या शास्त्रात प्रत्यक्ष हे सर्व प्रमाणांत ज्येष्ठ. अनुमान चुकेल, ऐकीव चुकेल. मी प्रत्यक्ष पाहिलं." न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून ऐकलं होतं. आमच्याच अंकात ते वाक्य चौकटीत आलं. रंगाऱ्याला सहा वर्षं.

सरकारी वकील लिहितात, "निःस्पृह प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीवर शिक्षा."

वकीलबाई लिहितात, "साक्षीदार फार छान बोलला. एक प्रश्न विचारायचा राहिला. चूक माझी."

छान बोलला! हा काय गुन्हा झाला? पाहिलं म्हणजे पाहिलं. उद्या जाऊन विचारतोच.

१० मार्च

वकीलबाईंची खोली सायकलच्या दुकानावर. जमिनीवर फायलींचे मनोरे. खुर्ची एकच, ती आलेल्याला. स्वतः स्टुलावर.

"कुठला प्रश्न राहिला होता?"

"आता विचारून काय करू? तेव्हा तुम्ही शपथेवर होतात."

"म्हणजे आता मी खोटारडा?"

"छे हो! आता तुम्ही वार्ताहर आहात." खळखळून हसली. मलाही हसू आलं, मग राग आला.

रंगाऱ्याचं विचारलं. सुटून तीन वर्षं झाली. हल्ली गोदामात पोती मोजतो. "रंगाचं काम घरात शिरून करायचं असतं ना. त्याला घरात कोण घेणार?"

उंबऱ्याशी अडखळलो. तिने कोपर धरलं. "नवा चष्मा वाटतं?"

"मागच्या आठवड्यातला."

"आणि पहिला कधीचा?"

"जुना आहे," म्हणालो आणि जिना उतरलो. कठडा धरून.

१२ मार्च

चष्मेवाल्याकडे गेलो. तक्रार पायऱ्यांचीच — निदान स्वतःला तसं सांगितलं होतं. त्याने माझं जुनं कार्ड शोधून काढलं. पहिली तपासणी — आठ वर्षांपूर्वीचा, त्या नोव्हेंबरानंतरचा ऑगस्ट. म्हणजे साक्षीनंतर दोन महिन्यांनी! तक्रारीच्या रकान्यात त्याच्या वडिलांच्या हातचं टपोरं अक्षर, "दोन वर्षांपासून लांबचं अंधुक. रस्त्यापलीकडचे चेहरे ओळखू येत नाहीत."

हे कुणी सांगितलं त्यांना? मीच.

म्हणजे मला माहीत होतं. गॅलरीत माहीत होतं, पिंजऱ्यात माहीत होतं. पळणाऱ्याचा मला निळा सदरा दिसला होता. कोर्टात रंगारी निळ्या सदऱ्यात बसला होता. बाकीचा माणूस मी भरून काढला.

दोरीला साप समजणाऱ्याचे सगळे दृष्टांत मला पाठ आहेत. दृष्टांतात दोरीला सहा वर्षं होत नाहीत.

चष्मेवाला म्हणाला, "काच बदलून देऊ का?" नको म्हणालो.

१३ मार्च

बाईंचे दहाच्या दहा ठेवले. शिवाय दोन्ही मजकुरांत त्या खटल्याखाली एक ओळ घातली, "साक्षीदार प्रस्तुत वार्ताहर. तेव्हा त्याला रस्त्यापलीकडचा चेहरा दिसत नव्हता."

संपादक उभेच राहिले. "डोकं फिरलंय तुमचं? तीनशे शब्द पूर्ण झालेत!"

"सरकारी वकिलांकडचं 'निःस्पृह प्रत्यक्षदर्शी' काढा. ते बादच झालंय."

"उद्यापासून तुमची बातमी कोण खरी मानेल?"

"निदान ही ओळ तरी खरी मानतील."

"आणि पेपरचं काय?"

"मला काढा. ओळ काढू नका."

त्यांनी पेन उचलून 'निःस्पृह प्रत्यक्षदर्शी' खोडलं. मग म्हणाले, "जा. छापतो." दारापर्यंत गेल्यावर मागून, "तुम्ही ना, शास्त्रीबुवा, नऊ वर्षं उशिरा शहाणे होता."

 

१५ मार्च

अंक निघाला. सरकारी वकिलांचा फोन, लोणी वितळलेलं. "माझा सगळा अर्ज मातीत घातलात! निदान आधी मला दाखवायचं होतंत!"

"तुम्हीही तेव्हा मला रंगारी जरा जवळून दाखवायचा होतात," मी म्हणालो आणि ठेवला.

उत्तर चांगलं होतं. फार वेळ आवडलं नाही. त्यांनी दाखवला असता तरी मी बोट दाखवलंच असतं.

हिने अंक वाचला. घडी घातली. म्हणाली, "त्या स्टेशनवर तुम्हाला लगेच सोडलं होतं ना? कपड्यांकडे बघून." आणि आत गेली.

१८ मार्च, मंगळवार

वकीलबाईंनी अर्ज मागे घेतला. न्यायाधीश झालं की वकीलपत्र घेता येत नाही, आणि रंगाऱ्याचा खटला पुन्हा उघडायचा अर्ज तिला स्वतःला करायचाय. मी काय करून बसलो! फोनवर म्हणाली, "साक्षीला याल ना? राहिलेला प्रश्न विचारते." येतो म्हणालो.

लोक हसतील, त्याची भीती नाही. नोकरीचीही नाही. भीती एवढीच आहे, की पिंजऱ्यात उभा राहिलो, समोरच्या न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली, की मला पुन्हा छान बोलावंसं वाटेल.