हवा खात्यात

७८६
दिल्ली, ता. ९ ऑक्टोबर १९६०

वडील बहीण मदिनाबी आपा हिस, धाकटा भाऊ जाफर याचा सलाम वि. वि. अम्माला आदाब सांग.

इकडचं सगळं ठीक. तू विचारशील, पत्ता परत बदलला का? बदलला. काय करू, एका जागी बसलो की पायाला मुंग्या येतात. उमरग्याला ट्रकवर क्लीनर होतो, ते सोडलं. तंबू सिनेमावाल्याच्या टांग्यात बसून भोंग्यातून ओरडत गावं पालथी घातली, ते सोडलं. हैदराबादेत सिनेमाचे बोर्ड रंगवले, तेही सोडलं. आता दिल्लीत टेलिव्हिजन म्हणून नवी चीज निघाली आहे. रेडिओला काचेची खिडकी बसवली आणि आतला बोलणारा दिसायला लागला, असं समज. साऱ्या शहरात मोजक्याच पेट्या आहेत. तिथं मी मागचे पडदे रंगवतो.

परवा रंगाचा डबा पायावर पडला, तर तोंडातून आपल्याकडची अस्सल शिवी निघाली. तिथं एक साहेब उभे होते, ते गर्रकन वळले. शांतलिंग नाव, उमरग्याकडचे, पावसापाण्याचा अभ्यास केलेले सरकारी साहेब. शिवीवरून मुलूख ओळखला म्हणाले, आणि हिंदुस्थानचा मोठा नकाशा रंगवायला मलाच घेतलं. तेव्हा आता मी हवा खात्यात आहे. अम्माला ठासून सांग, जाफर दिल्लीला हवा खात्यात, लई मजेत आहे.

छत्रीवाल्या दादामियाँ चाचांच्या घरी आमची याद सांग. चाचांना नको, ज्यांना सांगायची त्यांना. मंगनी होऊन वर्ष उलटलं, विसरल्या नसतील ना?

लोभ आहे तसा ठेव, मारायचं ते घरी आल्यावर मार.
तुझा जाफर

७८६
परंडा, ता. २४ ऑक्टोबर १९६०

चि. जाफर यास मदिनाबी आपाची अनेक दुवा. पत्र पोचलं, आणि पोचलं नसतं तर बरं झालं असतं.

अंगणात बसून अम्माला मोठ्यानं वाचून दाखवलं, ही माझी चूक. हवा खात्यात म्हटल्याबरोबर अम्मानं पदर तोंडाला लावला. म्हणाली, पोरगं एवढ्या लांब जाऊन हवा खातंय, आणि वर खातोय न म्हणता खात्यात म्हणून स्वतःला मान बी देतंय, नवाबच की! शेजारच्या धुरपदाबाई जात्यावर आल्या होत्या. त्यांनी दळण तिथंच ठेवलं आणि बातमी आधी बाजारात पोचवली. दादामियाँ चाचा दुकानात छत्रीची काडी बसवत होते. ती काडी म्हणे त्यांच्या हातातच मोडली. हवा खाणाऱ्याला पोरगी देऊन तिला काय वारा वाढू का, असं त्यांनी चार माणसांत विचारलं.

चाचांची नूरुन्निसा चाळण मागायला म्हणून आली आणि तुझं पत्र स्वतः वाचून गेली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण जाताना म्हणाली की अब्बांचं डोकं फिरलंय, लवकर नीट लिहायला सांगा.

अम्मानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून पार्सल केली आहे. हवेबरोबर तोंडी लाव.

जीव लावतो तसा अक्षरालाही लाव, म्हणजे आमचा जीव टांगणीला लागणार नाही.
तुझी आपा

७८६
दिल्ली, ता. ६ नोव्हेंबर १९६०

मदिनाबी आपास जाफरचा सलाम वि. वि.

अगं, खाणं नव्हं, खातं! पोलीस खातं, टपाल खातं, तसं हवामान खातं. मधला मान लिहायचा राहिला, तर गावातला माझा मानच गेला बघ. भाकरीचा मात्र तुकडासुद्धा उरला नाही. शांतलिंग साहेबांनी चटणी बोटानं पुसून खाल्ली आणि म्हणाले, अशी चूक दर महिन्याला करत जा.

आता खरी गंमत ऐक. उद्या पाऊस का ऊन, थंडी किती, हे नकाशावर छडी लावून पेटीतून सांगायचं ठरलं. सांगणार होते साहेब. एरवी बोलायला लागले की थांबत न्हाईत. पण दिवे पेटले, कॅमेऱ्यावरचा लाल डोळा उघडला, आणि साहेबांची जीभ टाळूला चिकटली. तालमीला तेच, परत तालमीला तेच. शेवटी घाम पुसत मला म्हणाले, टांग्यात बोलायचास तसं बोल, कागद माझा आणि आवाज तुझा. म्या असा आवाज लावला की आवाजाच्या यंत्रावरच्या माणसानं दोन्ही कान झाकले. आता हळू बोलायला शिकलोय. आपल्या देशात पेटीतून हवा सांगणारा तूच पहिला, असं साहेब म्हणतात. आपा, चौथीत शाळा सुटलेला तुझा भाऊ!

पांढरा सदरा चालत नाही, दिव्यात चमकतो. ढग पुठ्ठ्याचे, मीच कापलेले. नकाशात सोलापूरच्या जरा वर मी एक ठिपका दिलाय, नाव न लिहिता. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं, तर माशी बसली असंल म्हणालो. तो परंडा आहे. बोलताना छडी जाता जाता तिथं जरा टेकवतो. तुमी कुणी बघत नाही हे ठाऊक आहे, तरी तेवढा सलाम रोजचा.

हे सगळं दादामियाँ चाचांच्या कानावर घाल. बातमी धुरपदाबाईंकडंच दे, तार त्यांच्यापेक्षा सावकाश जाते.

मनात जागा असू दे, ठिपक्याएवढी पुरे.
जाफर

७८६
परंडा, ता. २२ नोव्हेंबर १९६०

चि. जाफर यास दुवा. अम्मा खूश आहे, आता येईल त्याला स्वतःहून सांगते की पोरगा खात्यात आहे. पण बाबा, आगीतून निघून फुफाट्यात पडलास.

उद्याचा पाऊस आज सांगतोस हे ऐकून दादामियाँ चाचा आधीपेक्षा बिथरले. आपल्या घरी येऊन अम्मासमोर बसले, चहालाही हात लावला नाही. म्हणाले, पाऊस कधी पडणार हे त्या एकालाच ठाऊक. म्या उभा जन्म छत्र्या दुरुस्त केल्या, पाऊस माझ्या पोटाचा धंदा, तरी उद्याचं कधी तोंडातून काढलं न्हाय. हा पोरगा नजूमी झाला, भविष्य सांगाया लागला. हवा खाणारा एक वेळ चालला असता, गैबाचं सांगणारा जावई मला नको. अम्मानं समजावलं, मी समजावलं, पण मंगनीची अंगठी परत करायची भाषा झाली.

मग नूरुन्निसानंच शक्कल काढली. अब्बा उरुसाला अजमेरला निघालेच आहेत, तिथून दिल्ली फार लांब नाही, ऐकीव गोष्टीवर निकाल देण्यापेक्षा डोळ्यांनी बघून या, असं तिनं आईकरवी सांगितलं. चाचांना ते पटलं. उरूस झाल्यावर तुझ्याकडं येतील. अंगठी खिशात घेऊन निघणार आहेत, म्हणजे तुला काय ते समज. नूरुन्निसाचा निरोप असा की खोटं बोलू नका, अब्बांना खोटं वासावरून कळतं. आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव घरात काढू देत नाही, हे मी माझ्या पदरचं सांगते.

पाय जमिनीवर आणि जीभ ताब्यात असू दे.
तुझी आपा

७८६
दिल्ली, ता. २ जानेवारी १९६१

मदिनाबी आपास जाफरचा सलाम वि. वि.

चाचा आले आणि गेले. काय झालं ते तूच वाचून मला सांग, माझं डोकं चालत न्हाय.

बगलेत त्यांची काळी छत्री, खांद्यावर वळकटी, अजमेरच्या दर्ग्यातला तबर्रुकाचा प्रसाद रुमालात बांधलेला. स्टुडिओत यायला नको म्हणाले, तुझ्या घरात तूच शहाणा, म्या चार लोकांत बसून बघतो. एका शाळेच्या मोठ्या खोलीत पेटी ठेवली आहे, मोहल्ल्यातले लोक जमतात. शांतलिंग साहेब स्वतः त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

कागदावर होतं की उद्या दिल्लीत पाऊस. इथं ऐन थंडीत पडतो, महावट म्हणतात. आपा, खरं सांगू? आदल्या आठवड्यात मी ऊन सांगितलं होतं. फाटकावरच्या चहावाल्यानं त्या भरवशावर रजई वाळत घातली, ती निथळली. तो तेव्हापासून मला बिनसाखरेचा चहा देतो, आणि चाचांनाही त्यानं ही कहाणी ऐकवली. ती रजई डोक्यात होती, चाचा डोक्यात होते, नूरुन्निसाचा निरोप होता. साहेबांची सक्त ताकीद की कागदाबाहेर एक शब्द बोलायचा नाही. नोकरी जाईल हे माहीत होतं. तरी कल दिल्ली में बारिश के आसार हैं, एवढं म्हणून झालं, छडी परंड्यावर टेकली, आणि तोंडातून निघून गेलं, बाकी ऊपरवाला जाने.

साहेब परत आले ते लालबुंद होऊन. मी टोपी काढून उभा. छडी परत माझ्या हातात देत म्हणाले, आमच्या आसारचा अर्थ तरी दुसरा काय आहे, राहू दे, रोज म्हण. नोकरी वाचली. चाचा काय म्हणाले विचारलं, तर साहेब म्हणाले, तुझं शेवटचं वाक्य ऐकून त्यांनी पगडी सारखी केली.

आणि सकाळी बघतो तर आभाळ धुतलेल्या परातीसारखं स्वच्छ! ढगाचं नाव नाही. स्टेशनवर चाचांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. मला गाडीखाली जावंसं वाटलं. गाडी हलताना एवढंच विचारलं की सोलापूरच्या वर तो ठिपका कशाचा. परंडा म्हणालो. हूं म्हणाले. अंगठी दिली न्हाय, ठेवतो असंही बोलले न्हाईत.

माझं जे व्हायचं ते होवो, तू आणि नूरुन्निसा, दोघी माझ्याच राहा.
जाफर

७८६
परंडा, ता. १० जानेवारी १९६१

चि. जाफर यास आपाची पोटभर दुवा. बसून वाच, उभ्यानं वाचण्यासारखं नाही.

काल दुपारी कुर्डुवाडीची बस आली. टळटळीत ऊन, कावळासुद्धा सावलीला बसलेला. बसमधून दादामियाँ चाचा उतरले आणि उतरल्या उतरल्या त्यांनी छत्री उघडली. तशीच डोक्यावर धरून भर बाजारातून ऐटीत चालत निघाले. पोरंटोरं मागं लागली. दुकानदार ओरडले, चाचा, ऊन हाय, प्रवासानं डोकं तापलं का? चाचा थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की माझ्या जावयानं पाऊस सांगितलाय. दिल्लीचा पाऊस हाय, यायला टाइम लागंल. बाकी ऊपरवाला जाने.

जावयानं, असं म्हणाले बरं का! धुरपदाबाई भाजी टाकून पळत आल्या, चाचांच्या आधी त्या आमच्या दारात. मागून चाचा. छत्री मिटून आत आले, चहा मागून घेतला, दोन कप प्याले. म्हणाले, पोरगा उद्याचं सांगतो आणि चावी मालकाच्याच हातात ठेवतो, मला आणखी काय पाहिजे. आणि दिल्लीच्या पेटीत आपला परंडा बसवलाय त्यानं, तुमाला कुणाला जमलं का? निकाह रमजान ईदनंतर धरायचा आहे, तेवढ्यापुरती तरी एका जागी नोकरी टिकव. नूरुन्निसा कालपासून चाळण न्यायला आली नाही, लाजली आहे.

जाताना चाचा छत्री इथंच विसरले म्हणून मी मागं धावले. तर म्हणाले, विसरलो न्हाय. नव्या काड्या घातल्यात, जाफरला पाठवून दे. अंदाज चुकंल त्या दिवशी त्या चहावाल्याला दे म्हणावं.

छत्री पार्सलनं येते आहे. लोभ तिच्यात गुंडाळलेला आहे, उघडशील तेव्हा सांभाळून.
तुझी आपा