पर्थची परवानगी

अड्यार, चेन्नई
१२ जुलै २०२१

ती. विद्युताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन कानाला लावला की तुला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून या वयात मला पुन्हा पत्रं लिहायची सवय लागली. वाईट नाही ती. दुपार निघते.

ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी केलेला तिसरा अर्जही परत आला. करोनामुळे त्यांच्या सीमा बंद आहेत. तिथे राहणाऱ्याचा नवरा, बायको, मुलं, एवढ्यांनाच आत घेतात. लग्न झालेल्या मुलीचा बाप त्यांच्या यादीत ‘निकटचा कुटुंबीय’ नाही. मी दोनदा वाचलं. इंग्रजी सोपं होतं, समजण्यात चूक व्हावी असं काही नव्हतं.

स्वरदाला सहावा महिना चालू आहे. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. कौशिकराव दोन आठवडे लांबच्या खाणीवर कामाला असतात आणि एक आठवडा घरी. म्हणजे पर्थच्या त्या घरात पोर बहुतेक दिवस एकटीच. गेल्या ऑगस्टमध्ये शर्मिष्ठा गेली तेव्हा तिला इकडे येता आलं नाही. आईचं शेवटचं सगळं तिने फोनवर पाहिलं. फोन मीच धरून उभा होतो. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी आपण तिकडे असायचं.

माधवरावांना नमस्कार, हेरंबला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे, सध्या तिचाच आधार आहे.
तुझा,
दिनू


सातारा
२१ जुलै २०२१

चि. दिनानाथ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अर्जाची प्रत हेरंबने छापून आणून दिली. चार पानं! पेरांबूरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं रेल्वेचे डबे बांधलेस, हे त्या लोकांना कशाला हवंय? पोरीला विश्रांती सांगितलीय, घरी कुणी नाही, बाप यायला तयार आहे. एवढं एका पानात लिही आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोड. शाळेत मी निबंध तपासत असते तर तुला दहापैकी तीन दिले असते.

आता एक विचारते, राग मानू नकोस. तू यावंस असं स्वरदाला वाटतं का, हे तिला विचारलंस? तिचा फोन आला की तू दोन वाक्यं बोलून, थांब, आईला देतो, म्हणायचास. माझ्यासमोर कितीदा तरी. आता तिकडे गेल्यावर कुणाला देणार आहेस?

आणि विकतचं इडलीचं पीठ आणून चार दिवस तेच खात बसू नकोस. शेजारच्या हरिप्रियाबाई डबा देते म्हणतात तर घे की. तब्येत सांभाळ, सविस्तर लिही, म्हणजे मीही तुझ्यावर सविस्तर रागावेन.
तुझी,
विद्युताई


अड्यार, चेन्नई
१९ ऑगस्ट २०२१

ती. विद्युताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला महिना लागला. खरं सांगायचं तर तिला विचारायला तीन आठवडे लागले. आधी हवा विचारली, भाव विचारले, मग विचारलं. ती म्हणाली की बाबा, तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, घरात दुसऱ्या माणसाचं वावरणं ऐकू येऊ दे. फोन ठेवल्यावर मी उगाच कपाटं उघडून आवरत बसलो.

काल शर्मिष्ठाचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी, मी आणि शेजारच्या हरिप्रियाबाई. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी ऐकली की आपली पणजी तमिळ शिकून परत आलीय असं वाटतं. इकडे बाळंतिणीला सुंठ, पिंपळी, गूळ आटवून ‘लेहियम’ देतात. ते त्यांनी स्वरदासाठी आतापासूनच करून बरणीत भरलंय.

चौथा अर्ज गेला. एकच पान. लशीचे दोन्ही डोस झालेत, बॅग भरून दाराशी ठेवलीय. तू माझ्यावर रागावत राहा, त्याने बरं वाटतं.
तुझा,
दिनू


अड्यार, चेन्नई
९ सप्टेंबर २०२१

ती. ताईस,
सा. न.

बाळ गेलं. रविवारी पहाटे. मुलगी होती. जन्माआधीच गेली होती, तरी स्वरदाला सगळ्या कळा सोसाव्या लागल्या. कौशिकराव खाणीवरून विमान मिळून पोचेपर्यंत दुपार झाली. तोवर तिच्याजवळ एक नर्स होती.

चौथ्या अर्जाला नकार आदल्या शुक्रवारीच आला होता. मंगळवारी पाचवा केला. त्यात दुःखद प्रसंगासाठी वेगळा रकाना आहे. तिथे खूण केली आणि आज परवानगी आली. मूल येणार होतं तेव्हा मी निकटचा नव्हतो. गेल्यावर झालो.

पंचवीसला दोह्यामार्गे निघतो. तिला काय बोलू, मला काही सुचत नाही. लेहियमची बरणी बॅगेतून काढत होतो, तर हरिप्रियाबाईंनी हात धरला. म्हणाल्या, शरीर तर बाळंतिणीचंच आहे ना, त्याला द्यायला नको?
दिनू


सातारा
१४ सप्टेंबर २०२१

चि. दिनू,
अनेक आशीर्वाद.

हेरंबच्या आधी माझंही एक असंच गेलं होतं. तू तेव्हा शाळेत होतास, तुला कुणी सांगितलं नसेल. जो येई तो म्हणे, दुसरं होईल. माझी सासू म्हणाली, आई म्हणाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसरं झालंही. पण ते वाक्य मी कुणालाच माफ केलं नाही. एवढं एक वाक्य तू बोलू नकोस. बाकी काही सुचलं नाही तर वरणभात कर.

सांभाळून जा. माझे हात इथून पोचत नाहीत, तुझे पोचू देत.
विद्युताई


पर्थ
३ ऑक्टोबर २०२१

ती. विद्युताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राचा फोटो हेरंबला पाठवतो, तो छापून तुझ्या हाती देईल.

पोचून आठ दिवस झाले. सरकारी नियमाने चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत बंद आहे. जेवण दाराबाहेर ठेवून, दार वाजवून निघून जातात. खिडकी उघडत नाही. विमानतळावर लेहियम काढून घेतलं. त्या बाईने आधी नीट विचारलं की हे कशासाठी. मी सांगितलं. तिने बरणी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली आणि माझी माफी मागितली. तिच्याही हातात काही नव्हतं.

घर इथून अकरा किलोमीटर आहे. रोज चार वाजता कौशिकराव स्वरदाला समोरच्या फुटपाथवर आणून सोडतात. मी नवव्या मजल्यावर. ती एवढीशी दिसते. एका हाताने फोन धरते आणि दुसरा वर करते. पहिल्या दिवशी दोघांनीही फोन नुसता धरून ठेवला. आता बोलतो. काल मी तिला तुझं सांगितलं, तुझं जे गेलं ते. तुला न विचारता सांगितलं. ती खाली कठड्यावर बसली आणि पुष्कळ वेळ उठली नाही. चुकलो असलो तर तसं लिही.

तुझं लक्ष आहे हे इथे बंद खोलीतही कळतं.
तुझा,
दिनू


पर्थ
२४ ऑक्टोबर २०२१

ती. आत्यास,
स्वरदाचा नमस्कार.

मी मराठीत पत्र कधी लिहिलं नव्हतं. शाळेत तमिळ आणि इंग्लिशच होतं. चुका बाबा बघणार नाहीत, असं त्यांनी कबूल केलंय.

ते दहा तारखेला घरी आले. दारात आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग त्यांनी विचारलं, तूरडाळ कुठे ठेवतेस. तेव्हापासून ते स्वयंपाकघरात असतात. सकाळी भांड्यांचा आवाज येतो, खोकला येतो, नळ चालू राहतो. मी पडून ऐकते. कधी कधी मला तेवढ्यानेच झोप लागते.

तुमचं त्यांनी सांगितलं, त्याचा तुम्हाला राग येऊ नये. मला ते ऐकणं हवं होतं.

काल त्यांनी म्हटलं की मला तिच्याकडे घेऊन चल. इथल्या दफनभूमीत लहान मुलांसाठी वेगळा कोपरा आहे. कौशिक गाडीपाशी थांबला. त्याला अजून जमत नाही. बाबा गवतावर बसले, गुडघे दुखत असूनही. मग त्यांनी विचारलं की तिचं नाव काय ठेवलंस.

आत्या, दीड महिन्यात माझ्याकडे खूप लोक आले, फुलं आली, मेसेज आले. हे कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं की तिला नाव आहे हे फक्त मलाच माहीत राहणार. मी सांगितलं, ऊर्मी. बाबांनी ते हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा म्हणाले, जरा मोठ्याने, तिला हाक मारल्यासारखं.

ते फेब्रुवारीपर्यंत आहेत. तुम्ही पत्र लिहाल तेव्हा शेवटी आम्हा सगळ्यांना आशीर्वाद लिहाल. त्यात तिचंही नाव लिहा.
तुमची,
स्वरदा