वाढीव शंभर किलोमीटर

गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणतोस आणि ते नंतर काही उजाडत नाही. पत्राला मीटिंग आडवी येत नाही, म्हणून हा खटाटोप.

बाबांची तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. जिना उतरताना कठडा धरतात, चढताना माझा खांदा. मी दिवसभर फिजिओथेरपीसाठी घरोघर जाऊन जगाचे गुडघे वाकवते, पण माझ्या बापाकडून दोन व्यायाम करून घेणं मला जमत नाही. दिव्याखाली अंधार. वहिनीची पाठ कशी आहे? मी लिहून दिलेले व्यायाम ती करत नसणारच.

आता कामाचं. माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या कंपनीने एक नवीन टूम काढली आहे. गाडी पूर्ण चार्ज केली की तीनशे किलोमीटर जाते. पण आतली बॅटरी मुळात मोठी आहे म्हणे, चारशेची. वरच्या शंभराला कंपनीने कुलूप घातलंय. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले की गॅरेजला न जाताही ते उघडतं. म्हणजे रोज ते ओझं मी वाहायचं, आणि वापरायचं म्हटलं की पुन्हा पैसे मोजायचे. मी दिवसाला फार तर चाळीस किलोमीटर फिरते. मला त्या शंभराचं लोणचं घालायचं आहे का?

पण बाबा हटून बसलेत. रोज सकाळी खाली जाऊन गाडीत बसतात आणि स्क्रीनवरची ती जाहिरात वाचतात. पैसे तेच भरणार आहेत, नव्या कवळीसाठी बाजूला ठेवलेले. जुनी इतकी सैल झालीय की भाकरीचा तुकडा आधी पाण्यात बुडवावा लागतो. मी म्हटलं, "बाबा, आधी दात करू." तर म्हणतात, "दातांनी कुठं जाता येतं?"

कुठं जायचंय ते तुला सांगायला नको. तुझं घर इथून दोनशे चाळीस किलोमीटर. मे महिन्यात निघालो होतो आणि सत्तरावरून परत आलो. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात हे बसलंय, की बॅटरी लहान म्हणून मुलाकडे जाणं राहिलं. तेव्हा तूच एक फोन करून त्यांना सांग, की एवढा खर्च करू नका. तुझं ऐकतील. आपला तो बाब्या असतो ना, तसं आहे ते. मी सांभाळते म्हणून मी रोजची भाजी, तू सणाचं जेवण.

इथवर लिहून मघाशी पेन ठेवलं होतं. चहा करून आले. वर लिहिलेलं वाचलं आणि माझीच मला चीड आली. सारखी गाडी, गाडी काय लिहितेय मी? गाडीला काय धाड भरली होती?

त्या रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्या मुलीसाठी त्यांनी स्वतः तासलेली लाकडी पट्टी. पेट्रोल पंपाजवळ चहाला थांबलो, बाबा गाडीतच बसले होते, आणि तुझा फोन आला. "अगं, आज नको. ऑफिसचे लोक जेवायला येतायत." मी म्हटलं, आम्ही आतल्या खोलीत बसू. तू म्हणालास, "बाबांची कवळी वाजते जेवताना. खोकतात. बरं दिसत नाही ते. काहीतरी सांग ना त्यांना. गाडीचं सांग. इलेक्ट्रिक आहे, कोणालाही पटेल."

आणि मी सांगितलं. दादा, मी लगेच सांगितलं, हे मला जास्त लागतं. "बाबा, दाखवतात तेवढी जात नाही ही. पुढचं चार्जिंग बंद आहे, अडकून पडू." ते म्हणाले, "मग फिरव." घरी येऊन शर्ट काढला, घडी घातली आणि तसाच कपाटात ठेवला. त्यानंतर तू पाच महिन्यांत एकदाही "आता या" म्हणाला नाहीस. सुट्टीत तुम्ही समुद्रावर जाऊन आलात, ते मला फोटोंवरून कळलं.

आता माझी गोची समजून घे. पैसे भरू दिले तर येत्या रविवारपासून ते पिशवी घेऊन तयार बसतील आणि मला नवीन थाप शोधावी लागेल. नको म्हटलं, तर का नको ते सांगावं लागेल. तुझी अब्रू झाकायला मी माझा पदर घातला आणि आता तो मलाच पुरेना. खरं सांगायचं असेल तर ते तू सांग. तुझं आहे ते.

रविवार, १२ ऑक्टोबर

पत्र टाकायचं राहिलं होतं. बरंच झालं, कारण तुला आता फोन करायची गरज नाही.

आज सकाळी बाबा पुन्हा गाडीत जाऊन बसले. मीही जाऊन शेजारी बसले. म्हटलं, आज काय तो सोक्षमोक्ष लावू. "बाबा, हे पैसे भरू नका. मला तुम्हाला एक सांगायचंय, त्या दिवशी गाडी..."

"दोनशे तीस," बाबा म्हणाले.

"काय दोनशे तीस?"

"तू चहाला उतरलीस तेव्हा स्क्रीनवर दोनशे तीस होते. समोर पाटीवर त्याचं गाव एकशे सत्तर. बत्तीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचले मी. एवढा आकडा मला वाचता येत नाही असं वाटलं तुला?"

पाच महिने मी ज्यांना सांभाळून घेत होते, ते मला सांभाळून घेत होते.

"तो फोनवर काय म्हणाला ते सांगू नकोस," ते म्हणाले. "ऐकलं की डोक्यात राहतं."

"मग पैसे कशाला भरताय? तुम्हाला कळत होतं तर..."

"खालचा वॉचमन विचारतो, तो तळमजल्यावरचा दुकानदार विचारतो, काका, मुलाकडे नाही का गेलात? मी म्हणतो, गाडी पोचत नाही. तूही तेच सांगतेस. तोही तेच सांगत असेल. बिचारी गाडी फुकटची बदनाम."

"आणि आता गाडी पोचेल, म्हणजे जाणार तुम्ही?"

"नाही."

एवढंच. रागाने नाही, कुणी चहा घेणार का विचारल्यावर म्हणावं तसं. मग म्हणाले, "इतके दिवस जाता येत नाही म्हणून घरात होतो. यापुढे जायचं नाही म्हणून राहीन. त्यात फरक आहे, पोरी. तेवढ्यासाठी भरतोय."

मी म्हटलं, कवळीचं काय? तर म्हणाले, "तू काय मला वाजते म्हणून उठवणार आहेस ताटावरून?" मग मला रडू आलं. तुझ्यासाठी नाही, उगाच समजूत करून घेऊ नकोस.

पैसे भरायला मीच मदत केली. त्यांची बोटं स्क्रीनवर नीट चालत नाहीत. दोन मिनिटांत आकडा बदलला, तीनशेचे चारशे झाले. बाबांनी चष्मा वर करून तो नीट वाचला आणि मला म्हणाले, "त्याला कळव. म्हणावं, गाडी पोचते. मी येत नाही."

कळवलं.

पाच महिने तुझ्या वतीने खोटं बोललेली,
तुझी धाकटी बहीण