मीटरमधलं खोबरेल

अण्णा,

तुमच्या मोटरसायकलचा ट्रिप मीटर गेले आठ महिने एकशे बारावर अडकून बसलाय आणि या अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये त्याची एकाही माणसाला लाज वाटत नाही. पेट्रोलचा काटा त्या गाडीला कधी नव्हताच. टाकी भरली की मीटरचा नॉब फिरवून आकडे शून्यावर आणायचे आणि तीनशे किलोमीटर झाले की पंप गाठायचा, ही तुमची शिस्त. आता मी सिग्नलला गाडी हलवून टाकीला कान लावतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी. शेजारच्या रिक्षातले लोक माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसे आशेने बघतात.

मेकॅनिककडे नेली. "अंकल, ये कौन देखता है आजकल? पूरा निकाल के डिजिटल डाल देता हूँ." दुसऱ्याने गाडीच भंगारात घालायचा सल्ला दिला. दुरुस्त करणे हे क्रियापदच या लोकांच्या तोंडून गेलंय. काढा, फेका, नवं घाला. शेवटी रविवारी आमच्या पूनम सागरच्या घरात, जेवायच्या टेबलावर पेपर पसरून मीटर मीच उघडला. काचेची कड उचकटली आणि आधी वास आला. खवट, शिमग्यापर्यंत डब्यात राहिलेल्या दिवाळीच्या चकलीसारखा. आकड्यांच्या इवल्या चाकांमध्ये तपकिरी डिंक साचलेला, डिंकात मुंग्यांचे पाय आणि झुरळाचा एक पंख.

"शी! काय आहे हे? जेवतो आपण इथे," बायको ओढणी नाकाला लावून म्हणाली.

"खोबरेल. अण्णांनी घातलेलं."

"मीटरमध्ये?"

मीटरमध्येच. खोबरेलाने बरी होणार नाही अशी वस्तू रत्नागिरीच्या माणसाला अजून सापडायची आहे. डोकं, टाच, कुलूप, बिजागरी, सगळ्यावर एकच औषध. तुम्ही गेल्यावर बापाची ही गोष्ट मी लग्नामुंजीत रंगवून सांगत आलो. जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचणारा माणूस स्वतःच्या मीटरला तेल पाजतो! लोक पोट धरून हसतात. तेल का पाजलंत, तेवढं मात्र मी कधी सांगितलं नाही.

राई, मुर्धा, तारोडी हा मीटर वाचायचा तुमचा पट्टा. बिल वाढलं म्हणून कुणी अंगावर आला की तुमचं उत्तर ठरलेलं. "मीटर खोटं बोलत नाय. घरातल्यांना विचारा." तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका शनिवारी मी तुमची गाडी न विचारता उत्तनला नेली. मागे कॉलेजातली एक मुलगी होती. ट्रिपचे आकडे वाढू नयेत म्हणून मीटरच्या बुडाशी येणारी केबल आधीच सोडवली; ती हाताने सुटते. परतताना पेट्रोल तुटलं, मी टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर, म्हणजे राखीव पेट्रोलवर फिरवला, घरी आल्यावर केबल जोडली आणि कॉक तसाच विसरलो. सोमवारी मुर्ध्याला तुमची गाडी कोरडी पडली. मीटरवर तीनशे व्हायला अजून बरेच बाकी होते. खांद्याला रजिस्टरची पिशवी अडकवून तुम्ही ती भाईंदरच्या पंपापर्यंत ढकलत आणलीत.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात, शर्ट पाठीला चिकटलाय.

"गाडी नेली होतीस?"

"नाही."

"कॉक रिझर्व्हवर होता."

मी ताटातल्या भाकरीकडे बघतोय.

"मग मीच विसरलो असेन," तुम्ही म्हणता. "आणि मीटर अडकला असणार." फडताळातली बाटली घेऊन तुम्ही खाली उतरता आणि नॉबच्या फटीतून त्या धडधाकट मीटरमध्ये तेल सोडता. ज्या माणसाने आयुष्यात एका मीटरला खोटं ठरवलं नाही, त्याने माझ्यासाठी ठरवलं. तुम्हाला कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. उत्तराची भीती होती.

या रविवारी पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन चार तास तो डिंक खरवडला. टाचणीच्या टोकाने मशीनचं एकेक थेंब तेल. चाकं सुटली, शून्यावर आली. ताट लावताना बायकोला केबलचंही सांगितलं. ती हसली नाही.

काल सकाळी मुर्ध्याला जाऊन इंजिन बंद केलं, आकडे शून्यावर आणले आणि पंपाच्या दिशेने ढकलायला लागलो. इंजिन बंद असलं तरी पुढचं चाक फिरतं तसा मीटर मोजत राहतो. दारात जाळं विणत बसलेला एक म्हातारा ओरडला, "काय ओ, पेट्रोल सपला काय?"

"नाही. टाकी भरलीय."

"मंग ढकलता कनाला?"

तो धक्का द्यायला उठत होता, मी हातानेच नको म्हटलं. एक पूर्णांक चार किलोमीटरवर धाप लागली. आजूबाजूला बघितलं, कुणी ओळखीचं नव्हतं. किक मारली आणि घरी आलो.

तिथून पंपापर्यंतचं उरलेलं अंतर आज सकाळी जाऊन ढकललं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच खरं लिहितोय. तुम्ही ते एका दमात केलं होतंत. मला दोन दिवस लागले.