राणीछाप, बिनखुणेचा

९ नोव्हेंबर १९८३

लक्ष्मीपूजनाला काढलेले रुपये अजून डबीत गेले नाहीत! ह्यांनीच ठेवू दिले नाहीत. हे कामाला जातात त्या तुमसरच्या राइस मिलमध्ये कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलंय – नागपूरचे कुणी नाण्यांचे जाणकार येणार, भिंगातून बघणार, दर्जा ठरवून देणार. चांगला दर्जा लागला की चांगलं मोल. झालं! चपला काढायच्या आधी मला हे सांगून मोकळे.

मी म्हटलं, राणीला आणखी कसला दर्जा? ती राणीच आहे. हसले नाहीत.

११ नोव्हेंबर

घरात व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे चांदीचे रुपये चार. बाळ जन्मलं की पाचवीला एक रुपया त्याच्या मुठीत ठेवायचा, त्याची बोटं मिटायची. मग पोती शिवायच्या दाभणाने त्या रुपयावर खूण टोचायची. तो रुपया त्याचा. सासऱ्यांचा ठिपका राणीच्या नाकावर – राणीला चमकीच घातली! ह्यांची फुली कानाखाली. माझ्या नणंदेच्या, पुष्पाच्या, दोन रेघा गळ्यावर.

चौथा कोरा आहे. माझ्या लग्नापासून, म्हणजे नऊ वर्षं, माझ्या बाळासाठी थांबलाय.

सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. विचारलं, "तुमचा रुपया कोणता?"

"सुनेले कायचा रुपया? मी का ह्या घरात जनमली?" म्हणाल्या आणि पुन्हा पाखडू लागल्या.

१४ नोव्हेंबर

तुमसरला जाऊन आलो, दोघं. जाणकार साधा माणूस निघाला, बोलायला गोड. तीन रुपये भिंगाखाली धरून चुकचुकला – "अरेरे, कुणी टोचले हे? यांना दर्जा नाही लागत." सासऱ्यांच्या चमकीला अरेरे! मला असा राग आला.

चौथा मात्र धरूनच बसला. "हा द्या. एकही ओरखडा नाही." पारदर्शक पाकिटात घालून सीलबंद करणार, दर्जाची चिठ्ठी जोडणार. नंतर उघडायचा नाही, हात लावायचा नाही. गिऱ्हाईकही तोच बघून देणार.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, विचार करून सांगते. एक तारखेला तो परत येणार आहे.

१५ नोव्हेंबर

नाही द्यायचा. लोभी मेले सगळे!

२० नोव्हेंबर

मिलला सुट्टी, म्हणून हे धानाच्या कापणीला गेले. शिदोरी घेऊन गेले मी. धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, बसून जेवलो दोघं. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण हे आपणहूनच बोलले, खाली मान घालून –

"तू दरसाल त्या रुपयाले पुसते, अन् मंग दिवसभर बोलत नाई. मले दिसते ना! पैशे नाई पाह्यजे मले. थो घरातून गेला तं तुले बरं वाटन, म्हनून म्हनून राहिलो."

नऊ वर्षं मला वाटत होतं, मी लपून रडते.

भाकरी तशीच हातात राहिली. फार जीव आहे ह्यांचा माझ्यावर. मीच कधी सरळ बघितलं नाही.

२१ नोव्हेंबर

दिला तर कबूल केल्यासारखं होईल – आता बाळ नाही. ठेवला तर दर दिवाळीला तेच.

२७ नोव्हेंबर

पुष्पा आली शहापूरहून, पोरं घेऊन. धाकटीला तो रुपया कुठून सापडला कोण जाणे, तोंडात घातला! काढून घेतला आणि पदराने पुसतच बसले. पुष्पाने पाहिलं. माझ्या केसांना तेल लावून दिलं.

३० नोव्हेंबर

ठरवलं. द्यायचा. कोरा रुपया कोराच जाऊ दे. बाळ यायचंच असेल तर रुपयासाठी अडून थोडंच बसेल!

ह्यांना सांगितलं. "नक्की?" एवढंच विचारलं. रुपया रुमालात बांधला.

सासूबाईंना सांगायचं जिवावर आलं होतं. सांगितलं तर ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जाऊन राहिला तं जाऊ दे. आज माह्याजवळ राहू दे."

त्यांच्या हातात रुमाल देताना मात्र मला रडू आलं. लपवलं नाही.

१ डिसेंबर

सकाळी रुपया मागायला गेले. हे सायकल काढून दारात उभे. सासूबाई अंथरुणात बसलेल्या, दाभण उशाशी.

रुमाल सोडला. राणीच्या कपाळावर ठिपका! बरोबर कुंकवाच्या जागी.

"आता थो मानूस नाई घेत," सासूबाई म्हणाल्या. "इकडे बस. हात दे तुहा."

रुपया माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटली.