ब्रोकन हिलचा आवाज

सोमवार, ३ सप्टेंबर
म्युझियममधून फोन. अखेर! मिलेना वुकोविच, तिथली नवी क्युरेटर. वयानं लहान आहे, पण पारख चांगली. खाणीवरच्या प्रदर्शनाचं उद्घाटन बावीस तारखेला, जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये. बायकांचा कॉयर गाणार आणि मधे मधे कुणीतरी चार वाक्यं बोलायची. "कुणीतरी" असं ती म्हणाली, पण फोन मला केला. उगीच नाही. स्फोटाआधीची "सर्वांनी लक्ष द्यावे, बाहेर पडावे" ही सूचना खाणीच्या लाऊडस्पीकरवर वर्षानुवर्षं मीच देत होतो. ब्रोकन हिलला, या खाणींच्या गावाला, नेव्हिल ट्रेव्हॉरोचा आवाज पाठ आहे.
संकल्प: रोज कोमट पाणी. बिअर बंद.
रेलीनला सांगितलं. म्हणाली, "तुला फोन? मला वाटलं, रिहर्सलसाठी माझाच असेल." बायको त्याच कॉयरमध्ये आहे. मागच्या रांगेत. तोंड हलवते.

शुक्रवार, ७ सप्टेंबर
निवेदन लिहून झालं. चार वाक्यांत खाण मावत नाही. नुसत्या लिफ्टच्या यंत्रालाच अर्धा तास लागतो. झॅमिटच्या सलूनमध्ये थोडंसं वाचून दाखवलं. भारावून गप्पच झाला बिचारा. शेवटी म्हणाला, "नेव्हिल, तुझे केस कापून झालेत रे. मघाशीच."
बिअर: एकच. घशाला थंडावा हवा.

बुधवार, १२ सप्टेंबर
मिलेनाला निवेदन दिलं. तिनं आधी हातात धरून वजन पाहिलं. म्हणाली, "मिस्टर ट्रेव्हॉरो, आता यात गाणी कुठं बसवू?"
मी म्हटलं, बसतील, एखाददुसरं.
दुसरी बातमी: एक गाणं रेलीनला एकटीला दिलंय. माझ्याकडे बघूनच दिलं असणार. तिला तसं बोललो नाही, उगाच वाईट वाटेल. संध्याकाळी परसात कपडे वाळत घालताना ती गुणगुणत होती. मी खिडकी लावून घेतली. सरावाला शांतता लागते.

शनिवार, १५ सप्टेंबर
रंगीत तालीम. प्रेक्षक म्हणून वृद्धाश्रमातले जुने खाणकामगार आणले होते. दिवे मंदावले. मी माईकवर म्हटलं, "सर्वांनी लक्ष द्यावे."
सगळे उठले आणि बाहेर चालायला लागले. ढकलाढकली नाही, गडबड नाही. वॉकरवाले पुढे, बाकीचे मागे. रस्ता ओलांडून झाडाखाली रांगेत उभे राहिले आणि हजेरी घ्यायला लागले. स्टेजवर कॉयर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभा.
प्रेक्षकांवर एवढा परिणाम मी आजवर कुठल्या नटाचा पाहिलेला नाही.

रविवार, १६ सप्टेंबर
मिलेना घरी आली. माझ्यावर नवी जबाबदारी! सुरुवातीला लोकांना मोबाईल बंद करायला सांगायचं आणि संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठं आहे ते दाखवायचं. म्हणाली, "तुमच्याइतकं हे कुणालाच जमणार नाही." म्हणजे उद्घाटनाचं भाषणच की!
मग हळूच म्हणाली, निवेदन रेलीन करेल. मी चीजस्लॉ, म्हणजे आमच्याकडची चीज-गाजराची कोशिंबीर, खात होतो; घास घशात अडकला. गाजराचा कीस नाकातून आला.
ती गेल्यावर रेलीनला स्पष्ट सांगितलं, उद्या फोन करून नाही म्हण. नवऱ्याचं काम घेतेस?
"तुझं काम नाही घेतलं. चार वाक्यं घेतली."
"मग मी येणार नाही."
"बरं. त्या दिवशी मटण फ्रीजमध्ये ठेवते. गरम करून घे."

गुरुवार, २० सप्टेंबर
रविवारपासून अबोला धरला आहे. एक शब्द नाही. तिला फार लागलं असणार, पण दाखवत नाही. झोप मात्र छान लागते आहे तिला.

शनिवार, २२ सप्टेंबर, दुपार
पश्चिमेकडून धुळीची तांबडी भिंत आली. भर दुपारी अंधार. खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतंय. रेलीन तिकडे आधीच गेली आहे. वीज गेली. कार्यक्रम रद्द होणार. फार वाईट वाटतं.
बिअर उघडली. धूळ खाली जायला.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं
वीज नाही म्हणजे माईक नाही! आणि माईकशिवाय या गावात कुणाचा आवाज पोचतो? काही का असेना, आपल्या माणसांना अडचणीत सोडणारा मी नव्हे. निघालो.

रविवार, २३ सप्टेंबर
पोचलो तेव्हा शेड गच्च भरलेली. वरचे पत्रे धडधडत होते. दारातूनच "मी आलोय" म्हणून ओरडणार होतो. तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. वाटेतल्या धुळीनं घसा पार बसला होता.
पुढं कंदिलाशी रेलीन बोलत होती. हळू. तरी दारापर्यंत ऐकू येत होतं, कारण कुणी हलत नव्हतं.
"बाबांच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. गाण्याच्या दोन ओळींपुढे दम पुरायचा नाही. मग पुढच्या ओळी मी म्हणायची, पलंगाशी बसून. ते नुसते ओठ हलवायचे. शेवटच्या दिवशीही हलवत होते. तेच गाणं म्हणते."
आणि गायली. एकटी, पुढं उभी राहून.
माझ्या निवेदनात लिफ्टच्या यंत्राची अश्वशक्तीसुद्धा होती. सासरे नव्हते. आमच्या लग्नाआधीच गेले ते. रेलीननं हे मला कधी सांगितलं नव्हतं.
सांगितलंही असेल. तेव्हा मी बोलत असेन.

सोमवार, २४ सप्टेंबर
डॉक्टरकडे जाऊन आलो. घसा सुजलाय. आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही. रेलीननं त्यांना दोनदा विचारलं, "पूर्ण आठवडा ना?"
घरी आल्यावर तिनं चहा केला, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर येऊन बसली.
"हं," म्हणाली, "आता ऐक."